आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र : पहिल्या तपासणीला पडदा तरी असावा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

पाळीतील अतिरक्तस्रावाने हिमोग्लोबिन आठवर आले, म्हणून गेल्या आठवड्यात मी एका सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात गेले. अशी तपासणी आयुष्यात प्रथमच होणार होती. केसपेपर लिहिणाऱ्या बाईंनी रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात "लग्न झालंय का?" असे विचारले आणि मी नाही म्हणताच "मग इथे कशाला?" असे म्हटले. आत दोन टेबलांमधला पडदा अर्ध्यावर अडकलेला होता. डॉक्टर पुरुष होते, परिचारिका बाहेर इंजेक्शने देत होत्या आणि पायथ्याशी शिकाऊ डॉक्टर उभे होते. त्यांनी तिथे थांबावे का, हे मला कोणीही विचारले नाही. "सलवार काढ, वर चढ" याखेरीज मला काहीही सांगण्यात आले नाही. थंड उपकरण आत जाताना मी किंचाळले, तेव्हा "एवढ्याने रडतेस, मग बाळंतपण कसं करशील?" हे ऐकावे लागले.

शरीरसंबंध न आलेल्या मुलीची अशी आतून तपासणी सहसा करत नाहीत आणि लघवी साठवून पोटावरून केलेल्या सोनोग्राफीतही गर्भाशय व अंडाशये दिसतात, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांकडून कळले. शरीरसंबंधाबद्दल विचारणे आवश्यकच आहे. पण ते एकांतात विचारले पाहिजे. चारचौघांत लग्नाची चौकशी झाली की मुली खोटे बोलतात आणि निदान चुकते.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्ण हक्क सनदेनुसार, पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासत असताना दुसरी स्त्री हजर असणे हा रुग्णाचा हक्क आहे. रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावण्याची सक्ती २०२१ मध्ये आपल्याच विभागाने खासगी रुग्णालयांवर केली. मग सरकारी टेबलावर झोपणारी गरीब मुलगी त्या हक्काला मुकते ती कोणत्या न्यायाने? बलात्कारपीडितांवरील 'टू फिंगर टेस्ट', म्हणजे योनीत दोन बोटे घालून केली जाणारी तपासणी, थांबवण्यासाठीही सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये बजावावे लागले. स्त्रीच्या शरीराला तिच्या संमतीवाचून हात लावता येतो, ही समजूत या व्यवस्थेत मुरलेली आहे आणि मला त्याची चीड येते.

माझ्या वसतिगृहातील कितीतरी मुली पाळीच्या त्रासावर मेडिकलमधून गोळ्या आणून दिवस काढतात, पण दवाखान्याचे नाव काढत नाहीत. तिशीनंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करून घ्या, असे आपले खाते सांगते. पहिल्याच वेळी अपमान सोसून घरी गेलेली मुलगी त्या तपासणीला येईल असे आपल्याला खरोखर वाटते का?

प्रत्येक टेबलाला पूर्ण पडदा, सोबत स्त्री कर्मचारी, काय करणार ते आधी सांगणे आणि विद्यार्थ्यांसाठी रुग्णाची परवानगी, एवढ्यासाठी नवी योजना नको. लेखी आदेश काढावा, तो न पाळणाऱ्यांवर कोणती कारवाई होईल तेही त्यात लिहावे आणि त्याची प्रत स्त्रीरोग विभागाच्या दारावर लावावी.

आपली,
एक विद्यार्थिनी