सायले, आयोवाच्या टूर्नामेंटचं सगळं सांगते

प्रिय सायले,

व्हॉइस नोट करणार होते पण ती संपलीच नसती, म्हणून टाइप करतेय. चहा घेऊन बस.

आमच्या क्लब टेनिस टीमची आयोवा सिटीला टूर्नामेंट होती, काल रात्री उशिरा परत आलो. क्लब म्हणजे युनिव्हर्सिटीचीच टीम पण स्कॉलरशिपवाली नाही, ती वेगळी, तिथली पोरं जवळजवळ प्रो असतात, आपली टेनिसवाली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीकडून खेळायची ना, ती लेव्हल. आम्ही दिवसभर लॅब आणि असाइनमेंट करून संध्याकाळी खेळणारे. कोच वगैरे कोणी नाही, कॅप्टनच कोर्ट बुक करते, गाड्या ठरवते, पैसे गोळा करते, आणि कोण कुठल्या मॅचला उतरणार तेही तीच बघते. पोरगी अजून ग्रॅज्युएट पण नाही गं, पण काय सांभाळते सगळ्यांना!

शुक्रवारी लेक्चर संपवून आमच्या इंडियानातल्या वेस्ट लाफायेतहून निघालो. पाचशे किलोमीटरच्या वर अंतर, बराचसा रस्ता आय-74 हायवे, एकदम सरळ, दोन्हीकडे मका आणि सोयाबीन, ऑक्टोबर असल्यामुळे काढणी चाललेली आणि मोठ्ठाली हार्वेस्टर धुरळा उडवत फिरतायत. इंडियानातून इलिनॉयमध्ये शिरलं की घड्याळ एक तास मागे जातं त्यामुळे सगळे खूश. शॅम्पेन शहर आलं तेव्हा मी गाडीत टेनिसपटू राजीव रामबद्दल सांगत सुटले, तो वाढला आमच्या इंडियानात, कार्मेलला, आणि खेळला शॅम्पेनच्या इलिनॉय युनिव्हर्सिटीकडून, 2003 ला त्यांनी अख्ख्या सीझनमध्ये एकही टाय (म्हणजे दोन टीममधला सामना) न हरता नॅशनल टायटल घेतलं होतं, आणि पुढे जाऊन यूएस ओपन डबल्स सलग तीनदा. आमच्यातल्या अमेरिकन पोरांना हे माहीतच नव्हतं! मग क्वाड सिटीजला मिसिसिपी ओलांडली. ती नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते हे शाळेत पाठ केलेलं, पण तिथे ती वळून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, मी फोनवर नकाशा उघडून दोनदा बघितलं.

मोटेलमध्ये एका खोलीत चौघी. बाबांनी पाठवलेली बाकरवडी काढली तर दहा मिनिटांत पाकीट रिकामं.

आता मेन गोष्ट. इथल्या क्लब टेनिसचा फॉरमॅट तुला नीट सांगायचाय कारण मला वाटतं हा आपल्यासाठीच बनवलाय. टीम एकच, मुलं मुली एकत्र. एका टायमध्ये पाच सेट असतात, मुलींची डबल्स, मुलांची डबल्स, मुलींची सिंगल्स, मुलांची सिंगल्स आणि मिक्स्ड. प्रत्येक सेट सहा गेमचा, अ‍ॅडव्हान्टेज नाही, ड्यूसला, म्हणजे 40-40 ला, एकच पॉइंट. आणि कोणी किती सेट जिंकले ते मोजतच नाहीत, पाचही सेटचे गेम मिळवून ज्याची बेरीज जास्त तो जिंकला. म्हणजे बघ, आपल्याकडे मॅच हरली की हरली, 6-0 ने हरलीस काय आणि 6-4 ने हरलीस काय, बाहेर आल्यावर कोणी विचारत नाही. इथे तू हरतानासुद्धा जे चार गेम काढलेस ते टीमच्या खात्यात जमा होतात.

शनिवारी सकाळी बाहेरच्या कोर्टवर पहिली टाय. थंडी आणि वारा इतका की बॉल उसळतच नव्हता, बटाटा मारल्यासारखं वाटत होतं. माझी डबल्स होती, माझ्याबरोबर एक तैवानची मुलगी, दोघी 1-5 ने मागे. आपल्या जुन्या सवयीने मनात सेट कधीच संपला होता, पण बाजूच्या कोर्टच्या जाळीला चिकटून आमची सगळी टीम ओरडत होती, "वन मोअर गेम", जिंका असं कोणी म्हणतच नव्हतं, फक्त अजून एक गेम! मग एक काढला, मग अजून एक, ड्यूसला तिने लाइनवर लॉब टाकला, मग अजून एक, आणि 4-6 ने हरलो. हरून बाहेर आलो तर पोरांनी मिठ्या मारल्या.

पुढे मुलांनी डबल्स 6-4 घेतली, सिंगल्सला आमची मुलगी 2-6 ने हरली, मुलांची सिंगल्स 6-5, म्हणजे मिक्स्डच्या आधी आम्ही 18-21. मिक्स्डला कॅप्टन आणि एक फर्स्ट इयरचा लाजाळू पोरगा. (मिक्स्डमध्ये ड्यूसला मुलगा सर्व्ह करत असेल तर मुलानेच रिटर्न घ्यायचा, मुलगी असेल तर मुलीने.) ते 6-4 ने जिंकले, टोटल 24-25. आता नियम असा की मागे असलेल्या टीमने शेवटचा सेट जिंकला तर खेळ तसाच चालू राहतो, पुढच्यांनी एक गेम घेतला की संपलं, किंवा मागच्यांनी बरोबरी केली की सुपर टायब्रेक, आधी सात पॉइंट करेल तो जिंकला. कॅप्टनने सर्व्हिस गेम काढला, 25-25, आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख आलं की आमचे ते तीन गेम नसते तर हे सगळं झालंच नसतं. सायले, मला रडूच आलं गं!

टायब्रेकमध्ये 5-5 असताना त्यांच्या मुलीने आमचा बॉल आऊट दिला आणि लगेच स्वतःच हात वर करून म्हणाली, नाही, आत होता. इथे अंपायर नसतो, आपापल्या बाजूच्या लाइन आपणच द्यायच्या, शंका असली तर पॉइंट समोरच्याचा, आणि चुकीचा आऊट दिला तर पॉइंट गेला. तिने तो सोडला आणि पुढच्या पॉइंटला आम्ही जिंकलो. नंतर मी मुद्दाम जाऊन तिला भेटले. असं खेळणारं माणूस समोर असलं की आपलाही खेळ सुधारतो, खरंच.

रविवारी नॉकआउटमध्ये लवकर बाहेर पडलो, समोरची टीम सगळ्याच बाबतीत सरस होती, विषय संपला.

परतताना गाडीत सगळे झोपले आणि मला हांगझोउच्या एशियन गेम्सची मिक्स्ड डबल्स फायनल आठवत होती, 2023 ची, ऋतुजा आणि रोहन बोपण्णा पहिला सेट 2-6 ने हरले आणि तिथून गोल्ड काढलं, तुझ्या घरी आपण फोनवर बघत होतो. त्यानंतर आठवडाभर तू रोज म्हणत होतीस पुन्हा कोर्टवर जायचं, मग ते अप्रेजल आणि ऑफिसचं सुरू झालं. तू टेनिस सोडलंस ते जिंकत नव्हतीस म्हणून, हे मला माहितीये. पण तुझ्या हरलेल्या मॅचेस मी बघितल्यात ना, एकेका गेमसाठी तू किती झगडायचीस, ते सगळं वाया गेलं असं तुला वाटतं आणि मला ते अजिबात मान्य नाही.

तर मी डिसेंबरच्या शेवटी पुण्यात येतेय. एक शनिवार पूर्ण मोकळा ठेव. आपला जुना ग्रुप जमव, दोन टीम करू, प्रत्येकीत निदान दोन मुली आणि दोन मुलगे लागतील, कोर्ट सकाळचं बघ नाहीतर ऊन चढतं. रॅकेट आत्ताच काढून ग्रिप आणि स्ट्रिंगचा फोटो पाठव, स्ट्रिंग मी इथून आणते. आणि मिक्स्डला माझ्या टीममध्ये तूच, हे आधीच सांगून ठेवते.

तुझीच,
मनू