तिसरा भाग फसतो, कारण दुसरा चुकीच्या जागी तुटतो

महोदय,

अद्भुत जगावरच्या चित्रपटत्रयीचा तिसरा भाग हमखास निराशा करतो, हे मत आता इतके रुळले आहे की ते कुणी तपासून पाहत नाही. तपासायचे तर पीटर जॅक्सन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आणि 'द हॉबिट' या दोन त्रयी शेजारी ठेवाव्यात. दिग्दर्शक तोच, मूळ लेखक टोल्किनच आणि पडद्यावरचे डोंगरही न्यूझीलंडचेच. तरीही २००३ च्या 'द रिटर्न ऑफ द किंग'ला अकरा नामांकनांवर अकरा ऑस्कर मिळाली, आणि २०१४ चा 'द हॉबिट: द बॅटल ऑफ द फाइव्ह आर्मीज' पाहून अनेक रसिक हिरमुसले. क्रमांक दोघांचा तिसराच होता. फरक पडला तो दुसरा भाग कुठे तोडला यामुळे.

'द हॉबिट' ही १९३७ ची कादंबरी एकोणीस प्रकरणांची आहे आणि स्मॉग हा ड्रॅगन चौदाव्या प्रकरणात मरतो. चित्रपट आधी दोनच भागांत ठरला होता. २०१२ च्या जुलैत, मुख्य चित्रीकरण उरकल्यावर, दोनाचे तीन करण्याचा निर्णय जाहीर झाला. मग दुसरा भाग स्मॉग सरोवरनगरीकडे झेपावतो तिथेच थांबवला गेला आणि त्याचा मृत्यू तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला आला. चित्रपटाचे नाव पडद्यावर उमटते ते स्मॉग कोसळल्यानंतर. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते दहा-बारा मिनिटांत संपते, आणि पुढचे दोन तास कुणाला भ्यायचे हेच प्रेक्षकाला कळत नाही. अझॉग हा ऑर्क, म्हणजे राक्षसी योद्ध्यांचा सरदार, त्या ड्रॅगनची जागा भरून काढू शकत नाही. दुसऱ्या भागाला शेवट मिळाला नाही आणि तिसऱ्याला त्याची स्वतःची सुरुवात मिळाली नाही.

याउलट 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दुसरा भाग 'द टू टॉवर्स' पाहा. कादंबरीच्या दुसऱ्या खंडाच्या अखेरीस शेलॉब ही राक्षसी कोळीण येते. पटकथाकारांनी ते प्रकरण उचलून तिसऱ्या चित्रपटात नेले आणि दुसरा भाग हेल्म्स डीप या किल्ल्यावरच्या विजयावर पूर्ण केला. प्रेक्षक एक लढाई संपलेली पाहून घरी गेला आणि तिसऱ्या भागाकडे त्याचे स्वतःचे भय शिल्लक राहिले. खंड कुठे संपतो यापेक्षा दोन-तीन तासांत कुठली गोष्ट पुरी होते, हे तिथे पाहिले गेले.

लांबीचा हिशेबही बोलका आहे. पहिल्या त्रयीचे तीन भाग चित्रपटगृहात १७८, १७९ आणि २०१ मिनिटांचे होते, म्हणजे एकूण ५५८ मिनिटे, आणि त्यामागे हजारावर पानांची कथा होती. 'हॉबिट'चे भाग १६९, १६१ आणि १४४ मिनिटांचे. तीनशेच्या आसपास पानांच्या पुस्तकासाठी ४७४ मिनिटे! तरीही तिसऱ्या भागात जे हवे त्यालाच वेळ कमी पडला आणि लढाई पाऊण तासाच्या घरात गेली.

हवे काय होते? थॉरिन या खुज्यांच्या राजाला जडलेला सोन्याचा हव्यास आणि कथानायक हॉबिट बिल्बोने आर्कनस्टोन हे रत्न गुपचूप नेऊन विरुद्ध पक्षाच्या हाती देणे, हा या भागाचा गाभा आहे. आपल्याच मित्राशी, त्याच्याच भल्यासाठी केलेली फसवणूक! यावर एक अख्खा चित्रपट उभा राहू शकतो. इथे मात्र थॉरिनला आपण सोन्याच्या जमिनीत बुडत असल्याचा भास होतो आणि काही मिनिटांत तो शुद्धीवर येतो. बिल्बोशी समोरासमोर बोलून घेण्याआधीच त्याचे मन पालटलेले असते. सरोवरनगरीतल्या अल्फ्रिड या लबाड चाकराच्या विनोदाला मिळालेला वेळ इथे दिला असता तर थॉरिनच्या मरणाने प्रेक्षक हलला असता.

पुस्तकात बिल्बोला लढाईत दगड लागतो, तो बेशुद्ध पडतो आणि उरलेली लढाई त्याला नंतर कळते. कथा त्याची आहे, म्हणून लेखकाने लढाई त्याच्या नजरेपुरतीच ठेवली. चित्रपटातही तो बेशुद्ध पडतो, पण कॅमेरा त्याला सोडून इतरांमागे धावत राहतो.

लढाई लांब असणे हा मुळात दोष नाही, हे गोव्याच्या प्रेक्षकाला वेगळे सांगायला नको. डिसेंबर म्हणजे आपल्याकडे जत्रांचा हंगाम. पेडणे, डिचोली, सत्तरीत दशावतारी नाटकाला रात्रभर बसणारे लोक युद्धाचा प्रसंग कंटाळून सोडून जात नाहीत. कारण पखवाज-झांजेच्या ठेक्यावर तलवारी फिरण्याआधी दोघांची शाब्दिक जुगलबंदी होते आणि कोण कशासाठी लढतोय हे मंडपात शेवटच्या रांगेतल्यालाही ठाऊक असते. पाच सैन्यांच्या लढाईत नेमके तेच हरवते. डोंगर पोखरणारे प्रचंड किडे एकदा बाहेर येतात आणि पुन्हा दिसत नाहीत. ते का आले, कुठे गेले, याचे उत्तर नाही.

तयारीचा अभावही होता. मूळ दिग्दर्शक गिएर्मो देल तोरो २०१० मध्ये बाहेर पडले आणि जॅक्सन यांना पूर्वतयारीला पुरेसा अवधी उरला नाही. निर्मितीवरच्या चित्रफितीत ते स्वतः हे मोकळेपणाने सांगतात. शेवटच्या लढाईचे चित्रीकरण त्यामुळे २०१३ वर ढकलावे लागले. अझॉग आणि थॉरिनचा चुलतभाऊ डेन ही पात्रे पूर्णपणे संगणकावर घडवलेली आहेत. चेहऱ्यावर रंगभूषा, अंगात खरे चिलखत असले की नटाच्या हालचालीला वजन येते. ते इथे जाणवत नाही. कोसळत्या दगडांवरून लेगोलस हा एल्फ धनुर्धर पायऱ्या चढल्यासारखा धावतो, तेव्हा तो पडेल अशी भीतीच वाटत नाही. भीती नसली की लढाई नुसती हालचाल उरते.

'रिटर्न ऑफ द किंग'वर उलट आक्षेप घेतला जातो की शेवट संपता संपत नाही. जिच्यासाठी सारा प्रवास होता ती अंगठी नष्ट झाल्यावर चित्रपट वीसेक मिनिटे चालतो हे खरे. पण ५५८ मिनिटांच्या प्रवासाला तेवढा निरोप हवाच. जग वाचले आणि ती अंगठी वाहून नेणारा फ्रोडो मात्र सावरला नाही, हे कळायला घरी परतण्याचे प्रसंग लागतात. 'हॉबिट'मध्येही लढाईनंतर जादूगार गँडाल्फ बिल्बोशेजारी बसून न बोलता चिलीम साफ करतो, तो प्रसंग संपूर्ण त्रयीतला सर्वांत खरा आहे. असे आणखी चार हवे होते. चित्रपटगृहातल्या आवृत्तीत तर थॉरिनचा अंत्यविधी नाही आणि आर्कनस्टोनचे पुढे काय झाले तेही कळत नाही. दोन्ही गोष्टी विस्तारित आवृत्तीत आहेत, जी वीस मिनिटांनी मोठी आहे.

तिकीटबारीवरून काही ठरवू नये, एवढेच थोडक्यात. 'हॉबिट'चा पहिला भाग १०० कोटी डॉलरच्या पुढे गेला, पुढचे दोन किंचित अलीकडे थांबले. लोक आले, ते समाधानाने परतले की नाही, हे आकडे सांगत नाहीत.

ज्यांना नाताळच्या सुट्टीत ही त्रयी घरी पाहायची आहे त्यांनी दुसरा भाग संपताच लगेच तिसरा लावावा, स्मॉग कोसळून चित्रपटाचे नाव येईपर्यंत पाहावा आणि तिथे थांबावे. उरलेला दुसऱ्या दिवशी, आणि शक्यतो विस्तारित आवृत्तीतच. आवृत्ती निवडताना लांबी पाहावी: १६४ मिनिटे असली तर ती विस्तारित. मात्र तिच्यात हिंसा वाढवलेली आहे, अमेरिकेत तिला अधिक कडक श्रेणीत टाकले गेले, म्हणून लहान मुले सोबत असतील तर १४४ मिनिटांचीच लावावी. आपल्या चित्रपट सदरात परीक्षण छापताना कोणती आवृत्ती पाहिली हे नमूद केलेत, तर वाचकांची मोठी सोय होईल.

एक चित्रपटरसिक, फोंडा