खेड, जिल्हा रत्नागिरी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू अग्निवीर म्हणून बेळगावला पोचलास, मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या सेंटरच्या गेटातून आत गेलास, हे तात्यांच्या फोनवरून कळलं. निघायच्या आदल्या रात्री मी बोलले ते पोटात घाल. "चार वर्षांनी हात हलवत परत येशील" असं आईनं बोलायचं नसतं.

पत्र एकाच कामासाठी लिहितेय. तिथे फॉर्म भरून घेतील तेव्हा नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा नीट घाल. नुसतं 'खेड' लिहू नकोस. पुणे जिल्ह्यातही खेड आहे. हे मला बसरेकर आजोबांपायी कळलं.

तू भरतीसाठी पहाटे धावायला जायचास, तेव्हा मला परत झोप लागायची नाही. मग ताईच्या कॉम्प्युटरवर त्यांना शोधत बसायचे. घरात ठाऊक होतं ते एवढंच, की लढाईवर तिकडे इराकातल्या बसऱ्याला गेले नि आले नाहीत. आणि देव्हाऱ्यातली ती काशाची चकती. आजी तिच्यावरच्या बाईला देवी समजून रोज कुंकू लावायची, पायाशी सिंह आहे ना. ती ब्रिटानिया. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी सरकारनं तशा चकत्या पाठवल्या होत्या. मी ती चिंचेनं घासली, तेव्हा कुंकवाखालून इंग्रजीत नाव वर आलं. नुसतं नाव, हुद्दा नाही.

त्या नावाचे कितीतरी निघाले. कुणी साताऱ्याचा, कुणी पुण्याकडच्या खेडचा. अखेर वडिलांच्या नावावरून आपले सापडले. शिपाई, १०३ मराठा लाईट इन्फन्ट्री, सन १९१६. गावाचं नाव असं लिहिलंय की मोठ्यानं वाचलं तेव्हाच ओळखू आलं. वय नाही. त्यांच्या आईचं नावही नाही. किती वेळ मी तेच शोधत होते.

१०३ म्हणजे आजची पहिली पलटण, जंगी पलटण, हे तुला माझ्याआधी माहीत असणार. ती इराकातल्या कुत गावाच्या वेढ्यात अडकली होती. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. अन्न संपत आलं तेव्हा घोडे मारून खायला दिले, आणि आपल्यातल्या पुष्कळांनी कितीतरी दिवस ते तोंडात घातलं नाही. जवाच्या पिठावर राहिले, हिरड्या सुजल्या, अंगातलं बळ गेलं. आजोबा वेढ्यात गेले की नंतर कैदेत, ते कागदावर नाही. बाळ, पुढ्यात येईल ते खा. हे आवडत नाही, ते आवडत नाही, तिथे करू नकोस.

पुन्हा उपदेश सुरू झाला. चुकलं.

बसऱ्याला त्या लढाईत तिकडे मेलेल्या, थडगं ठाऊक नसलेल्यांचं स्मारक आहे, ४०,००० हून जास्त माणसांचं. दगडावर गोऱ्यांची नावं कोरली, आपल्या अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा पलटणीगणिक फक्त आकडा. २०२१ साली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं, म्हणजे लढाईत मेलेल्यांची थडगी नि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेनं, या भेदभावाची माफी मागितली. ते वाचलं त्या दिवशी मी देव्हाऱ्यापुढे बसून आजोबांचं नाव मोठ्यानं घेतलं. तात्यांना वाटलं, मला बरं नाही.

तू लहान होतास तेव्हा ती चकती घेऊन अंगणात चाक फिरवायचास. आजी ओरडायची, मी हसायचे. आता आठवलं की पोटात कालवतं.

परवा वाडीत सगळे अभिनंदन करून गेले. मलाही आनंद आहे रे, खोटं नाही. सोळाशे मीटर तू कसा धावलास ते मी येईल त्याला सांगते. पण वारसाचा रकाना येईल तेव्हा तो गडबडीत भरू नकोस. आईचं नाव विचारलं तर पूर्ण लिही, माहेरचं नको, सासरचं, आधार कार्डावर आहे तसं.

सोबतच्या चिठ्ठीवर आपला पूर्ण पत्ता इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत लिहिलाय. ताईकडून दोनदा तपासून घेतला. तसाच उतरव. पिनकोड शेवटी आहे.

तुझी,
आई