ओटीपी म्हणजे सही, हे म्हाताऱ्यांना कोण सांगणार?

कापसाचे चुकारे खात्यात आले की खेड्यातल्या वडीलधाऱ्यांना आरोग्य विम्याचे फोन सुरू होतात. समोरचा भरभर हिंदीत बोलतो, 'बीपी, शुगर काही नाही ना?' असे एका दमात विचारतो आणि उत्तराआधीच रकान्यात 'नाही' भरतो. मग ओटीपी मागतो. हा ओटीपी म्हणजे प्रस्ताव अर्जावरची सही! पुढे नागपूरच्या दवाखान्यात शुगरची जुनी चिठ्ठी निघाली की 'आजार लपवला' म्हणून दावा नाकारतात. खोटे भरणारा सुटतो, बुडतो तो म्हातारा.

साठीपुढच्या माणसाला फोनवर पॉलिसी विकताना आजारांचे प्रश्न मराठीत, एकेक करून विचारणे विमा नियामकाने सक्तीचे करावे. भरलेला अर्ज कागदावर घरी येऊन वाचून होईपर्यंत हप्ता कापू नये. संभाषणाचे रेकॉर्डिंगही ग्राहकाला मिळावे. वाद झाला तर त्याच्या हाती दुसरा पुरावा नसतो.

पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात. त्यामुळे पाकीट आले की आधी आजारांचा रकाना मुलाकडून, नातीकडून वाचून घ्यावा. तक्रारीसाठी 155255, नको असलेले फोन बंद करायला 1909. आणि सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, हे फोनवाला कधीच सांगत नाही. हप्ता भरण्याआधी ते कार्ड काढावे.

– एक वाचक, आर्णी (जि. यवतमाळ)