बाबा, बिघाड तुमच्या फोनमध्ये नव्हता

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, फोन दुरुस्तीला नेऊ नका. परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही बोट वर करून काहीतरी सांगत होतात आणि तसेच गोठलात. नंतर ‘माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं’ म्हणत रात्री उशिरापर्यंत सेटिंग चाळत बसला होतात, हे आईने मला सांगितलं. तुमच्या हातून काहीच झालेलं नाही. बिघाड माझ्या घरी होता, तक्रार केल्यावरही चार दिवस होता, आणि त्या चार दिवसांत मी तुमच्याशी तुसडेपणाने बोलले तेही त्याच वैतागापायी.

सुरुवात टीव्हीपासून झाली. चित्राचे चौकोन पडायचे, बातम्या देणारीचं अर्धं तोंड एकीकडे आणि हनुवटी भलतीकडे. दोन दिवसांनी इंटरनेट जायला-यायला लागलं. राउटरशेजारच्या डबीवर ‘एलओएस’ नावाचा दिवा असतो, तो लाल लुकलुकत होता. टीव्ही आणि इंटरनेट एकाच वायरीतून प्रकाशाच्या रूपात येतं; तो प्रकाश डबीपर्यंत पुरेसा पोचत नाही, एवढाच त्या दिव्याचा अर्थ.

कस्टमर केअरला हे सगळं सांगितलं. उत्तर : “मॅडम, राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करा.” केलं. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस, तेच वाक्य. लाल दिव्याचं सांगितलं तर “हो मॅडम, पण एकदा बंद करून बघा ना.” तिसऱ्याने मोठा प्लॅन घ्यायला सुचवलं. नळाला पाणी नाही तर मोठी बादली घ्या, तशातली गत! त्याच संध्याकाळी मेसेज आला, ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.’ घरी कुणी फिरकलंही नव्हतं. मग मात्र मी नवी तक्रार द्यायला नकार दिला. जुन्याच नंबरची तक्रार पुन्हा उघडा म्हणून अडून बसले, कारण नवी घेतली की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजतात.

चौथ्या दिवशी एक मुलगा आला. फार बोलला नाही. डबीतून वायर काढून मीटरला लावली. पोचणाऱ्या प्रकाशाचा आकडा आला उणे ३१. उणे २७ च्या खाली गेलं की भरवसा नाही, म्हणाला. मग मोबाइलचा टॉर्च लावून भिंतीच्या कडेकडेने वायर बघत गेला आणि कपाटापाशी थांबला. “हे कपाट हलवलंय का?”

हलवलं होतं. मीच. आई, हसू नकोस. झाडायला म्हणून ओढलं आणि परत ढकलताना वायर मागे काटकोनात चेपली. त्या वायरीच्या पोटात काचेचा धागा असतो, १२५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. तो असा मुडपला की प्रकाश बाहेर गळतो. टीव्हीचा प्रकाश १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, इंटरनेटचा आपल्याकडे येणारा १४९० चा. तरंगलांबी जितकी जास्त तितकी वळणावर गळती जास्त, म्हणून टीव्ही आधी रडला. वायरीचं टोक पुसतापुसता त्यानेच हे समजावलं. कपाट चार बोटं पुढे घेतलं, वायरीला सैल गोल वळण दिलं, मीटरवर उणे १९. दहा मिनिटांचं काम.

कपाट माझंच, मान्य. पण ‘आधी टीव्ही गेला, मग लाल दिवा’ हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फोनवरच्या एकाने जरी ‘वायर कुठे दबलीय का बघा’ म्हटलं असतं तर चार दिवस वाचले असते. त्याऐवजी असं बोलतात की आपल्यालाच वाटावं, आपल्याला वापरता येत नाही. मलाही दुसऱ्या दिवशी तसं वाटायला लागलं होतं, बाबा. तेव्हा तुमचं काय होत असेल ते कळलं.

तुमच्याकडे नेट गेलं तर आईने आधी तो दिवा बघावा. लाल असेल तर एकदा बंद-चालू करा, पुरे. मग तक्रार नोंदवा आणि नंबर वहीत लिहून ठेवा. तो दिवा लाल नाही, पण आतल्या खोलीतच अडकतंय, तर तो वायफायचा प्रश्न. तिथे नावापुढे ५जी लिहिलेलं सोडून दुसरं नाव जोडा. त्याचा वेग कमी असतो, पण ते भिंतींतून लांब जातं. आणि कस्टमर केअरचा नंबर बिलावरचाच लावायचा, गूगलवर शोधायचा नाही. कुणी ओटीपी मागितला किंवा स्क्रीन बघायचं अ‍ॅप घ्यायला लावलं, तर बाबा, सभ्यपणा बाजूला ठेवून सरळ फोन ठेवून द्या.

रविवारी सकाळी फोन करते. ते बोट वर करून काय सांगत होतात, ते तेवढं लक्षात ठेवा.

तुमची,
मोठी