मंत्रीमहोदय, प्लग-इन हायब्रिडच्या कागदावरचा तो एकच आकडा बदला

मा. परिवहन मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी इंजिनियर नाही आणि गाड्यांच्या धंद्यातही नाही. माझ्याकडे एक प्लग-इन हायब्रिड गाडी आहे, म्हणजे पेट्रोलचं इंजिन पण आहे आणि घरी सॉकेटला लावून चार्ज करायची बॅटरी पण आहे, आणि गाडी घेतली त्या दिवसापासून मी तिची वही ठेवलीय. तीनच रकाने आहेत त्यात. किती किलोमीटर झाले, पंपावर किती लीटर भरलं आणि चार्जिंगच्या मीटरवर किती युनिट पडले. रात्री गाडी चार्जिंगला लावायची, सकाळी मीटर बघून लिहायचं, सवयच झालीय आता. गाडी मला आवडते, हे आधीच सांगतो, नाहीतर पत्र वाचून वाटेल की मी या गाड्यांच्या विरोधात आहे.

पत्र लिहायचं कारण माझा मेव्हणा. त्याने माझ्या सांगण्यावरून हीच गाडी घेतली, हेच मॉडेल, हीच बॅटरी. मीच त्याला ब्रोशर उघडून तो इंधनाचा आकडा दाखवला होता आणि म्हटलं होतं की बघ, सरकारमान्य आकडा आहे, कंपनीच्या मनाचा नाही. त्याच्या पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट येणार येणार म्हणत शेवटी आलाच नाही आणि त्याचा प्रवास बहुतेक हायवेचा, त्यामुळे पेट्रोल कागदावरच्या आकड्याच्या कितीतरी पट जायला लागलं. त्याला वाटलं इंजिनमध्येच काहीतरी बिघाड आहे. तीनदा सर्व्हिसिंगला नेली, तिन्ही वेळा सांगितलं की गाडीत काही दोष नाही, आणि ते खरंच होतं. मला मात्र त्या दिवसापासून राहून राहून वाटतंय की मी त्याला चुकीचं सांगितलं, म्हणून मग तो आकडा नक्की येतो कुठून हे शोधत बसलो. जे सापडलं ते तुमच्यापर्यंत पोचवावंसं वाटलं, कारण हा आकडा तुमच्या खात्याच्या शिक्क्याने आमच्यापर्यंत येतो.

गाडीची टेस्ट लॅबमध्ये रोलरवर होते. आज जगात बऱ्याच ठिकाणी डब्ल्यूएलटीपी नावाची पद्धत चालते, युरोपात ती 2017 पासून आली. एक फेरी साधारण 23 किलोमीटरची, अर्ध्या तासाची, लॅबचं तापमान 23 डिग्री. प्लग-इन हायब्रिडसाठी ही टेस्ट दोन प्रकारे करतात. आधी बॅटरी फुल करून फेऱ्या मारत राहायचं, बॅटरी संपेपर्यंत, आणि मग बॅटरी उतरलेली असताना वेगळी टेस्ट, म्हणजे तेव्हा गाडी साध्या हायब्रिडसारखी पेट्रोलवरच चालते. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही, कारण हे दोन्ही आकडे खरंच मोजलेले असतात. पुढे काय करतात तर या दोन आकड्यांचं एकत्र मिश्रण करतात आणि ते किती प्रमाणात करायचं हे एका सूत्रावरून ठरवतात, त्याला युटिलिटी फॅक्टर म्हणतात. गाडी बॅटरीवर जितकी लांब जाते तितका हा फॅक्टर मोठा, म्हणजे मालक तितकं जास्त अंतर विजेवर चालवेल असं धरलं जातं. पण मालक गाडी रोज चार्ज करतोच का हे कुणी मोजलेलं नसतं, ते गृहीत धरलेलं असतं. आणि ब्रोशरवर मोठ्या अक्षरात छापतात तो हा मिश्रण केलेला आकडा.

हे गृहीतक किती जड आहे ते मी स्वतः हिशोब करून बघितलं. युरोपच्या सूत्रात आधी 800 किलोमीटरचं एक ठरावीक अंतर वापरलेलं होतं, आणि हे अंतर जितकं मोठं धराल तितका फॅक्टर लहान येतो. त्यात 60 किलोमीटर बॅटरीवर जाणारी गाडी टाकली की उत्तर येतं की ही गाडी सुमारे 80 टक्के अंतर विजेवर चालेल. आता समजा बॅटरी उतरल्यावर ती गाडी 100 किलोमीटरला 6 लीटर पेट्रोल खाते आणि बॅटरीवर असताना अजिबात खात नाही, तर कागदावर येणार फक्त 1.2 लीटर. आपल्या भाषेत बोलायचं तर लीटरला 83 चं ॲव्हरेज. नंतर युरोपने सूत्रातलं 800 काढून 2200 टाकलं, 2025 पासून नव्या मॉडेल्सना ते लागू झालं. त्याच गाडीचा फॅक्टर आला सुमारे 49 टक्के आणि आकडा झाला 3 लीटरच्या वर. पुढच्या टप्प्यासाठी नियमात 4260 लिहिलंय, त्याने फॅक्टर येतो सुमारे 30 टक्के आणि आकडा होतो 4.2 लीटर. साहेब, गाडी तीच, इंजिन तेच, बॅटरी तीच, चालवणारा तोच, एक स्क्रू पण हलला नाही, आणि कागदावरचं पेट्रोल साडेतीन पट झालं. मला हे कळलं तेव्हा मी वही बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो, कारण मी मेव्हण्याला जो आकडा गाडीचा म्हणून दाखवला होता त्यात गाडी कमी होती आणि अंदाज जास्त होता.

बरं, अंदाज तर अंदाज, तो खऱ्याच्या जवळ असता तरी चाललं असतं. पण 2021 पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत पेट्रोल-डिझेल किती जळलं याची नोंद ठेवणारी सोय सक्तीची आहे, ओबीएफसीएम म्हणतात तिला, आणि त्यातून गोळा झालेली 2021 सालच्या सुमारे सहा लाख वाहनांची माहिती युरोपियन कमिशनने मार्च 2024 मध्ये प्रसिद्ध केली. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांमध्ये कागद आणि रस्ता यात साधारण 20 टक्क्यांचा फरक निघाला. प्लग-इन हायब्रिडमध्ये साडेतीन पट. कागदावर सरासरी 100 किलोमीटरला 1.7 लीटरच्या आसपास आणि रस्त्यावर 6 लीटरच्या आसपास, म्हणजे लीटरला 59 सांगितलं आणि मिळालं 17 सुद्धा नाही. कार्बन डायऑक्साइड किलोमीटरला 40 ग्रॅमच्या जागी 139 ग्रॅम. म्हणजे मेव्हण्याचं काही वेगळं झालेलं नाही, तो तर सरासरीतलाच निघाला.

यात सगळे मालक एका मापात धरू नका ही पण विनंती. आयसीसीटी ही वाहनांच्या प्रदूषणावर काम करणारी संस्था आणि फ्राउनहोफर ही जर्मनीतली संशोधन संस्था, या दोघांनी 2022 मध्ये केलेल्या अभ्यासात स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाड्या साधारण 45 ते 49 टक्के अंतर विजेवर चालतात असं दिसलं आणि कंपनीने दिलेल्या गाड्या फक्त 11 ते 15 टक्के. कारण समजायला अवघड नाही, पेट्रोलचं कार्ड ऑफिस देतं आणि घरच्या विजेचं बिल स्वतःला भरावं लागतं, मग केबल कोण काढणार. यात माणसाला वाईट म्हणायचं कारण नाही, जिथे जे सोपं आणि फुकट तिथे तो जाणारच. पण मग ज्या आकड्यावर कर ठरतो, सवलती ठरतात, तो आकडा या माणसाला रोज रात्री चार्जिंग करणारा समजून काढलेला आहे हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं ना.

आता डॅशबोर्डबद्दल, कारण कागदावरचा आकडा खोटा वाटला की माणूस स्क्रीनवर विश्वास ठेवतो आणि तिथे अजून गोंधळ आहे. समजा मी 100 किलोमीटर गेलो, त्यातले 60 बॅटरीवर आणि 40 पेट्रोलवर, पेट्रोल लागलं 2.4 लीटर. स्क्रीन सगळ्या 100 किलोमीटरने भागून मला 2.4 दाखवते, वाचून वाटतं वा, लीटरला 41. त्या 60 किलोमीटरची वीज कुठे गेली? ती दुसऱ्या पानावर असते, कधी फक्त विजेवरच्या किलोमीटरने भागलेली तर कधी सगळ्या किलोमीटरने, आणि कुठल्याने भागलीय हे लिहिलेलंच नसतं. शिवाय ती बॅटरीतून बाहेर पडलेली वीज असते. भिंतीतून बॅटरीत जाताना जी वाया जाते ती त्यात धरत नाहीत, पण मीटर तीही मोजतो आणि बिल मीटरप्रमाणे येतं. कमी ॲम्पिअरवर हळूहळू चार्ज केलं तर ही गळती जास्त होते, कारण गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स तितके जास्त तास चालू राहतात. माझ्या वहीत मीटरचे युनिट कायम स्क्रीनपेक्षा जास्त असतात, एकही महिना उलटा नाही. लॅबच्या टेस्टमध्ये वीज भिंतीपाशी मोजतात, ते अगदी योग्य आहे, मग गाडीत का नाही.

वरच्याच उदाहरणात समजा भिंतीतून 12 युनिट घेतले. एक लीटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिटइतकी ऊर्जा असते, म्हणजे 2.4 लीटरचे साडेएकवीस युनिट आणि वर हे 12, सगळे मिळून साडेतेहतीसच्या आसपास. असं एकत्र मांडलं की 60 किलोमीटरला 12 युनिट आणि 40 किलोमीटरला साडेएकवीस, हे डोळ्यासमोर येतं. चार्जिंग का करायचं हे माणसाला जाहिरातीपेक्षा यातून लवकर पटेल असं मला मनापासून वाटतं.

अजून एक राहिलं, बॅटरी फुल असली तरी इंजिन चालू होतच नाही असं नाही. थंडीत हीटर लावला की बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू होतं, चढावर किंवा ओव्हरटेक करताना पाय जोरात दाबला तरी चालू होतं, आणि काही गाड्यांत चालता चालता इंजिननेच बॅटरी चार्ज करायचा मोड असतो, त्यात तर पेट्रोल धो धो जातं. लॅबमध्ये 23 डिग्रीला यातलं फार काही दिसत नाही.

मग मागणं काय, तर पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, शोरूममधल्या कागदावर मिश्रणाचा आकडा मोठा छापायचा बंद करा आणि मोजलेले दोन आकडे शेजारी शेजारी, सारख्या अक्षरात छापा. बॅटरी भरलेली असताना किती युनिट लागतात आणि कुठवर जाते, बॅटरी उतरल्यावर किती लीटर लागतं, बस. अमेरिकेत गाडीच्या लेबलवर चार्ज असतानाचा आणि नुसत्या पेट्रोलवरचा असे दोन आकडे वेगळे दाखवतातच, त्यामुळे हे जगावेगळं मागणं नाही. मेव्हण्याने तो दुसरा आकडा आधी बघितला असता तर स्वतःच म्हणाला असता की माझ्याकडे पॉइंट नाही, मला ही गाडी नको.

दुसरं, ती जी गाडीत नोंद राहते, एकूण किती लीटर, किती किलोमीटर, बॅटरीवर इंजिन बंद ठेवून किती, इंजिन चालू असताना किती, सॉकेटमधून बॅटरीत किती वीज आली, ही सगळी माहिती मालकाला स्क्रीनवर साध्या भाषेत दिसली पाहिजे. आज ती स्कॅनर लावल्याशिवाय दिसत नाही. गाडी माझी, पेट्रोल माझं, मग हिशोब पण मला दिसू दे. जुनी गाडी घेणाऱ्याला तर याचा फार उपयोग आहे, आधीच्या मालकाने ती कधी सॉकेटला लावली होती का हे त्याला एका नजरेत कळेल. आणि तुमच्या खात्याने मालकांची नावं काढून टाकून, मॉडेलप्रमाणे, दरवर्षी हे आकडे सगळ्यांसाठी जाहीर करावेत. कर आणि सवलती पण मग अंदाजाऐवजी याच आकड्यांवर ठरवता येतील, जे खरंच चार्ज करून चालवतात त्यांचं त्यात नुकसान होणार नाही.

माझी वही मी पानांचे फोटो काढून तुमच्या कार्यालयाला पाठवायला तयार आहे, आणि मेव्हणाही त्याच्या पंपाच्या सगळ्या पावत्या द्यायला तयार आहे, त्याने जपून ठेवल्यात. तुमच्या खात्यातल्या कुणी दोन्ही गाड्यांना स्कॅनर लावून आतली नोंद आमच्या कागदांशी ताडून बघायची म्हटलं तर सांगाल त्या दिवशी आम्ही दोघं गाड्या घेऊन येतो.

कळावे,
आपला,
एक प्लग-इन हायब्रिड मालक