कळलावीचा कंद हे गाऊटचे औषध नव्हे

महोदय,

गाऊट म्हणजे शरीरात युरिक ॲसिड साठून होणारा सांधेदुखीचा आजार. त्याने पायाचा अंगठा लाल होऊन सुजला आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसेना, की आमच्या गडचिरोलीकडे काही जण डॉक्टरांऐवजी जडीबुटीवाल्याला गाठतात आणि कळलावी या वेलीच्या कंदाची पुडी घेतात. या कंदात कोल्चिसिन हे द्रव्य असते हे खरे. १८२० मध्ये युरोपातील एका वनस्पतीतून वेगळे काढलेले हेच द्रव्य गाऊटच्या गोळीत असते. मात्र गोळीत ते अर्धा मिलिग्रॅम असे मोजलेले असते, कंदाच्या पुडीत किती हे विकणाराही सांगू शकत नाही, आणि मात्रा वाढल्यास उलट्या-जुलाबांनी सुरुवात होऊन जीवही जाऊ शकतो. शिवाय कोल्चिसिनने सूज उतरते, पण आजाराचे मूळ असलेले युरिक ॲसिड कमी होत नाही. आरोग्य विभागाने आशाताईंमार्फत हे घरोघरी तातडीने सांगावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, जि. गडचिरोली